पाठ केलेल्या नऊ चाली

गेल्या हिंवाळ्यांत एका आंतरशालेय सामन्याच्या वेळीं आमचा एक विद्यार्थी काळे मोहरे घेऊन बुद्धिबळाच्या पटावर बसला होता. मुलगा हुशार, अभ्यासू व आज्ञाधारक. ‘रुय लोपेझ’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या डावांतील काळ्या बाजूचा मुख्य बचाव त्याला नऊ चालींपर्यंत मुखोद्गत होता. आदल्या सायंकाळीं त्यानें तो आम्हांस एका दमांत म्हणून दाखविला होता आणि आम्हीं त्याची पाठ थोपटली होती. सामन्यांत पहिल्या तीन चाली त्यानें बिनदिक्कत खेळल्या. चौथ्या चालीस प्रतिपक्षाच्या मुलानें उंट मागें न घेतां घोडा मारला व पांचव्या चालीस किल्लेकोट केला. आमच्या विद्यार्थ्यानें क्षणभरही न थांबतां, जणूं कांहींच घडलें नाहीं अशा रीतीनें, पाठ असलेली पुढची चाल खेळली. आणि बरोबर नवव्या चालीला त्याचा वजीर पटाबाहेर गेला.

डाव संपल्यावर तो आमच्याकडे आला तेव्हां त्याच्या डोळ्यांत पाणी होतें. तो म्हणाला, “सर, त्यानें पुस्तकांतली चाल खेळलीच नाहीं !” त्याच्या स्वरांत तक्रार होती, जणूं प्रतिपक्षानें एखादा नियमच मोडला होता. हें वाक्य ऐकून आम्हांस त्याची कींव आली, पण त्याहून अधिक स्वतःची लाज वाटली. कारण आदल्या सायंकाळीं त्या नऊ चालींपैकीं एकीचेंही कारण आम्हीं त्याला विचारलें नव्हतें. उणीव मुलाच्या स्मरणशक्तींत नव्हती; ती शिकविणाराच्या समाधानांत होती. त्या चुकीचें थोडें परिमार्जन व्हावें, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं या विषयाचा विचार करावा, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच.

हा विषय आजच मांडण्यास कारणही आहे. डिसेंबर २०२४ मध्यें सिंगापूर येथें डी. गुकेश हा तरुण वयाच्या अठराव्या वर्षीं जगज्जेता झाला, आणि जुलै २०२५ मध्यें आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें जॉर्जिया देशांतील बाटुमी शहरीं महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर ही पदवी मिळविली. तेव्हांपासून अनेक घरीं नवे पट आले आहेत आणि पालक मोठ्या हौसेनें मुलांना बुद्धिबळाच्या शिकवणीस पाठवीत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मूल घरीं परतलें कीं त्याला विचारण्यांत येणारा प्रश्न बहुधा एकच असतो : “आज किती चाली शिकलास ?” आमचें म्हणणें एवढेंच कीं या प्रश्नांतील ‘किती’ हा शब्द काढून तेथें ‘कां’ हा शब्द घातला पाहिजे. त्यावांचून कोणताही बचाव समजत नाहीं, मग तो विसाव्या चालीपर्यंत पाठ असेना कां !

मुख्य बचाव म्हणजे काय, हें प्रथम पाहूं. एकच स्थिति पिढ्यान्पिढ्या अनेक खेळाडूंनीं खेळून पाहिली. ज्या चाली टिकल्या नाहींत त्या गळून पडल्या. ज्या टिकल्या त्यांची मळलेली वाट झाली. या वाटेवरील प्रत्येक चाल म्हणजे प्रतिपक्षाच्या कांहीं तरी प्रश्नाला दिलेलें उत्तर आहे. ज्याला प्रश्न ठाऊक नाहीं आणि उत्तरें तेवढीं ठाऊक आहेत, त्याची गत परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर गेल्या वर्षीचीं उत्तरें क्रमानें लिहून येणाऱ्या विद्यार्थ्यासारखी होते.

आमच्या विद्यार्थ्यानें पाठ केलेल्या डावाचेंच उदाहरण घेऊं. ज्याच्या नांवानें हा डाव ओळखला जातो तो रुय लोपेझ हा सोळाव्या शतकांतील स्पेन देशचा एक धर्मगुरु होता. त्यानें १५६१ सालीं बुद्धिबळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पांढऱ्याच्या घोड्यानें काळ्याच्या मधल्या प्याद्यावर मारा केला असतां काळ्यानें आपल्या घोड्यानें त्या प्याद्याला जोर देणें त्याला पसंत नव्हतें. कारण पांढरा उंट काढून त्या घोड्यावरच रोखूं शकतो, असें तो म्हणे. पुढें सुमारें तीन शतकांनीं अमेरिकेंतील न्यू ऑर्लीन्स शहरच्या पॉल मॉर्फी (१८३७–१८८४) या तरुणानें १८५८ सालच्या आपल्या सामन्यांत तोच घोडा काढला आणि उंट अंगावर येतांच कडेचें एक प्यादें एक घर सारून त्याला ‘मार, नाहीं तर मागें हो’ असें बजावलें. त्या चालीवरून काळ्याच्या या बचावाला मॉर्फीचा बचाव हें नांव पडलें.

वाचकांनीं येथें पट मांडून घ्यावा. ज्या अर्ध्या भागांत राजा उभा असतो तो राजाकडील भाग व दुसरा वजिराकडील भाग, असें समजावें. पहिल्या चालीस दोघेही राजापुढचें प्यादें दोन घरें सारतात. दुसऱ्या चालीस पांढरा राजाकडील घोडा मध्याच्या दिशेनें काढून काळ्याच्या त्या प्याद्यावर मारा करतो, आणि काळा वजिराकडील घोडा तसाच काढून त्याला जोर देतो. तिसऱ्या चालीस पांढऱ्याचा राजाकडील उंट पांचव्या रांगेंत येऊन काळ्याच्या घोड्यावर रोखतो; काळा वजिराकडील हत्तीपुढचें प्यादें एक घर सारून उंटाला डिवचतो. चौथ्या चालीस उंट एक घर मागें हटतो, पण घोड्यावरची नजर काढीत नाहीं. काळा राजाकडील घोडा काढून पांढऱ्याच्या मधल्या प्याद्यावर मारा करतो. पांचव्या चालीस पांढरा राजाकडे किल्लेकोट करतो. काळा आपला उंट राजापुढें ठेवतो. सहाव्या चालीस पांढरा किल्लेकोटांतील हत्ती राजाच्या मूळ घरीं आणतो. काळा वजिराकडील घोड्यापुढचें प्यादें दोन घरें सारून उंटावर घालतो. सातव्या चालीस उंट आणखी एक घर मागें जातो. काळा वजिरापुढचें प्यादें एक घर सारतो. आठव्या चालीस पांढरा वजिराकडील उंटापुढचें प्यादें एक घर सारतो आणि काळा किल्लेकोट करतो. नवव्या चालीस पांढरा राजाकडील हत्तीपुढचें प्यादें एक घर सारतो. त्यावर काळ्याला दोन-तीन वाटा मोकळ्या असतात.

ही झाली यादी. ती एका तासांत पाठ होते. आतां हिला पहिला प्रश्न विचारूं. तिसऱ्या चालीपासून पांढऱ्याचा उंट काळ्याच्या घोड्यावर रोखलेला आहे, आणि त्या घोड्यावरच काळ्याच्या मधल्या प्याद्याचा सगळा जोर अवलंबून आहे. मग पांढऱ्यानें उंटानें घोडा मारून दुसऱ्या चालीस तें प्यादें फुकट कां घेऊं नये ?

पटावर खेळून पाहावें. पांढरा उंटानें घोडा मारतो. काळा वजिरापुढच्या प्याद्यानें उंट मारतो. पांढऱ्याचा घोडा मधलें प्यादें मारतो. परंतु काळ्याचें वजिरापुढचें प्यादें बाजूला गेल्यामुळें त्याच्या वजिराची ओळ खुली झाली आहे. तो वजीर थेट पटाच्या मध्यावर येतो आणि एकाच वेळीं पांढऱ्याच्या घोड्यावर व राजापुढच्या प्याद्यावर मारा करतो. घोडा पळतो, प्यादें पडतें, आणि हिशेब फिटतो. याचें मर्म एका शब्दांत सांगतां येतें : पांढऱ्याचें तें प्यादें *बिनजोर* आहे. तें बिनजोर आहे तोंपर्यंत पांढऱ्याची धमकी पोकळ आहे. म्हणूनच काळ्याला तिसऱ्या चालीस कडेचें प्यादें सारण्याची सवड मिळते, चौथ्या चालीस घोडा काढण्याची मिळते, आणि पांचव्या चालीस निर्धास्तपणें उंट राजापुढें ठेवण्याची मिळते.

येथें कोणी विचारील, चौथ्या चालीनंतर काळ्याचा घोडा त्या बिनजोर प्याद्यावर रोखलेला असतां पांढरा किल्लेकोट कसा करतो ? काळ्यानें तें प्यादें मारलें तर ? काळा तें मारूं शकतो आणि तशा खेळाची एक स्वतंत्र शाखाही आहे. परंतु काळ्याचा राजा अजून मधोमध उघडा आहे. पांढरा वजिरापुढचें प्यादें दोन घरें रेटून मध्य फोडूं लागतो आणि गेलेलें प्यादें परत मिळवितो. ज्यांच्या घरीं आजोबा अजून देशी पद्धतीनें खेळतात त्यांना किल्लेकोटाची सवय नसेल. त्या खेळांत राजाला शह बसला नसेल तर एकदां घोड्याची चाल करण्याची मुभा असते. दोन्हीं पद्धतींचा हेतु एकच : राजानें वेळींच सुरक्षित घर गांठावें. पांढऱ्याचा राजा सुरक्षित आहे आणि काळ्याचा नाहीं, हीच पांढऱ्याच्या निर्धास्तपणाची किल्ली होय.

आतां सहावी चाल पाहा. पांढऱ्याचा हत्ती राजाच्या मूळ घरीं आला. वरवर पाहतां ही किरकोळ हालचाल दिसते. पण त्या हत्तीची नजर आतां सरळ पुढच्या त्या प्याद्यावर आहे. तें बिनजोर राहिलें नाहीं. तीन चाली पोकळ असलेली धमकी याच क्षणीं खरी झाली. आतां काळ्यानें आळस करून किल्लेकोट केला, तर पांढरा घोडा मारील, मधलें प्यादें घेईल, आणि काळ्याचा वजीर मध्यावर येऊन कितीही डोळे वटारो, त्याला बदल्यांत कांहीं मिळणार नाहीं. कारण त्यानें तें प्यादें मारलें तर हत्ती वजिरालाच मारील. म्हणून सहाव्या चालीलाच घोड्यापुढचें प्यादें दोन घरें पुढें जातें आणि उंटाला त्या घोड्यावरून नजर काढावयास लावतें. तें आधीं जाण्याची गरज नव्हती. आणि आतां गेलें नाहीं तर मधल्या प्याद्याला दुसरा जोर तरी दिला पाहिजे. ज्याला हें समजलें त्याला सहावी चाल पाठ करावीच लागत नाहीं. ती तो स्वतः शोधून काढील.

हाच प्रकाश आमच्या विद्यार्थ्याच्या डावावर टाकूं. प्रतिपक्षानें चौथ्या चालीसच घोडा मारला. येथपर्यंत भिण्याचें कारण नव्हतें. वर दाखविल्याप्रमाणें हिशेब फिटणारा होता. पण पांचव्या चालीस त्यानें किल्लेकोट केला आणि त्याचा हत्ती राजापुढच्या ओळींत येण्यास एका पावलावर उभा राहिला. म्हणजे सहाव्या चालीला जें खरें होतें तें येथें पांचव्याच चालीला खरें झालें. काळ्यानें मधल्या प्याद्याला जोर देणें अवश्य होतें. राजाकडील उंटापुढचें प्यादें एक घर सारलें असतें तरी काम भागलें असतें. त्याऐवजीं मुलानें पाठ असलेला घोडा काढला. पांढऱ्याच्या घोड्यानें मधलें प्यादें घेतलें. मुलाच्या घोड्यानेंही समोरचें प्यादें घेतलें. पांढऱ्याचा हत्ती राजाच्या ओळींत आला. मुलाचा घोडा मागें पळाला. मग पांढऱ्याचा घोडा बाजूला उडून प्यादें मारतां मारतां काळ्याच्या वजिरावर रोखला, आणि तो हलल्यामुळें मागच्या हत्तीचा राजाला शह उघडा पडला. शह चुकवितां चुकवितां वजीर गेला. या आपत्तींत एकही नवी गोष्ट नव्हती. प्रश्न तोच होता. तो एक चाल आधीं विचारला गेला, एवढेंच.

पुस्तकांतील उंट मागें न घेणें हा प्रतिपक्षाचा अपराधही नव्हता. १९१४ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें इमॅन्युएल लास्कर यानें कापाब्लांकासारख्या खेळाडूविरुद्ध चौथ्या चालीस हाच घोडा मारला आणि तो डाव जिंकला. १९६६ सालीं हवाना येथील ऑलिंपियाडमध्यें बॉबी फिशर यानें घोडा मारून लगेच किल्लेकोट केला आणि या पद्धतीनें पोर्टिश व ग्लिगोरिच यांसारख्या मातबर खेळाडूंना हरविलें. ज्या मार्गाला लोक ‘मुख्य मार्ग सोडून दिलेला’ म्हणत, तो मुख्य मार्गाच्याच मर्मावर उभा होता.

आठव्या चालीकडे वळूं. पांढरा वजिराकडील उंटापुढचें प्यादें एकच घर कां सारतो ? त्याला वजिरापुढचें प्यादें दोन घरें नेऊन मध्य व्यापावयाचा आहे, आणि त्या प्याद्याला या लहान प्याद्याचा जोर हवा आहे, हें एक कारण. दुसरें कारण अधिक मनोरंजक आहे. पांढऱ्याचा उंट आतां काळ्याच्या प्याद्यांच्या शेजारीं येऊन बसला आहे. समजा पांढऱ्यानें ही तयारी न करतां घाईनें वजिरापुढचें प्यादें दोन घरें रेटलें, तेथें मारामारी होऊं दिली आणि शेवटीं आपल्या वजिरानें मध्यावरचें काळें प्यादें खाल्लें. तर काळा आपल्या वजिराकडील उंटापुढचें प्यादें दोन घरें सारून वजिराला हांकलतो, आणि पुढच्या चालीस तेंच प्यादें आणखी एक घर पुढें येऊन उंटाची वाट बंद करतें. तीन प्यादीं उंटाला कोंडतात आणि उंट मरतो. या सापळ्याला युरोपांत ‘नोहाचें तारूं’ असें नांव आहे. आमच्या शाळेंतील मुलांना नोहाच्या तारवाची गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे. पण त्या तारवांत गेलेला प्राणी वांचला, आणि या तारवांत सांपडलेला उंट वांचत नाहीं, हा भेद ध्यानांत ठेवावा! पांढऱ्याचें एक घर सरलेलें प्यादें आपल्या मागें एक घर रिकामें करतें, आणि तेंच उंटाचें आश्रयस्थान ठरतें.

नवव्या चालीस पांढरा राजाकडील कडेचें प्यादें एक घर सारतो, हें पाहून नवशिका हंसतो. मध्य व्यापण्याची एवढी घाई असतां कडेला कसलें काम ? पण सातव्या चालीस काळ्यानें वजिरापुढचें प्यादें सारलें तेव्हां त्याच्या वजिराकडील उंटाची वाट मोकळी झाली आहे. तो उंट पुढें येऊन पांढऱ्याच्या घोड्याला वजिराशीं जखडून टाकूं शकतो. आणि मध्यांत जाणाऱ्या प्याद्याचा जोर त्याच घोड्यावर आहे. कडेचें प्यादें त्या उंटाचें घर आधींच अडवितें. रात्रीं दार लावून घेणें हें कांहीं पराक्रमाचें काम नव्हे. पण न लावणाराला सकाळीं त्याची किंमत कळते.

आणि काळ्याची नववी चाल ? रशियाचा चिगोरिन (१८५०–१९०८) याच्या नांवाच्या पद्धतींत काळा वजिराकडील घोडा पटाच्या कडेस नेऊन उंटावर घालतो व मागाहून उंटापुढचें प्यादें पुढें सारतो. हंगेरीचा ब्रेयर (१८९३–१९२१) याच्या नांवाच्या पद्धतींत तोच घोडा चक्क आपल्या मूळ घरीं परत जातो आणि मग दुसऱ्या, अधिक सोयीच्या वाटेनें बाहेर येतो. घोड्याच्या दोन चाली व्यर्थ गेल्या असें नवशिक्याला वाटतें. पण दोन्हीं पद्धतींत मर्म एकच आहे : तो घोडा उंटापुढच्या प्याद्याच्या वाटेंत उभा आहे, तो बाजूला झाला पाहिजे. एक त्याला पुढें नेऊन बाजूला करतो, दुसरा मागें नेऊन.

या आमच्या मतावर दोन आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं पाठांतराची एवढी निंदा कां ? पाढे पाठ केल्यावांचून गणित येत नाहीं, आणि घड्याळ लावून खेळतांना प्रत्येक चाल नव्यानें शोधण्यास वेळ कोठून आणावा ? हा आक्षेप अगदीं खरा आहे. पंजाबचा मीर सुलतान खान याचें चरित्र पाहावें. देशी खेळांत वाढलेला हा खेळाडू १९२९, १९३२ व १९३३ या सालीं ब्रिटनचा विजेता झाला, आणि १९३०–३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेंत त्यानें खुद्द कापाब्लांकाला हरविलें. त्याची समज असामान्य होती. परंतु युरोपीय खेळांतील आरंभाच्या चालींचें पुस्तकी ज्ञान तुटपुंजें असल्यामुळें त्याला कित्येकदां डावाच्या सुरुवातीसच अवघड स्थिति सहन करावी लागे. पूर्वीच्या लोकांनीं शोधलेलें पुन्हां शोधीत बसण्यांत शहाणपण नाहीं. पाढे अवश्य पाठ करावे. पण सात आठें छप्पन्न म्हणजे आठांचे सात ढीग, हें ज्याला माहीत नाहीं त्याला एखादी ओळ विसरली तर ती पुन्हां मिळविण्याचें साधन उरत नाहीं. आमची मागणी एवढीच आहे कीं पाठांतरानें समजेच्या मागून यावें.

दुसरा आक्षेप असा कीं हें सर्व थोर खेळाडूंना शोभतें. शाळकरी मुलाला कारणें कशीं झेपणार? यावर एक प्रसंग सांगतों. १९१८ सालीं न्यूयॉर्क येथें फ्रँक मार्शल यानें याच डावांत कापाब्लांकाविरुद्ध आठव्या चालीस वजिरापुढचें प्यादें एकदम दोन घरें सारून मधलें प्यादें अर्पण केलें व राजावर जोराचा हल्ला चढविला. हा हल्ला कापाब्लांकानें पूर्वी अभ्यासलेला नव्हता. त्यानें तें प्यादें स्वीकारलें, आणि पटावर बसल्या बसल्या प्रत्येक धमकी खरी कोणती व पोकळ कोणती हें तोलीत तो छत्तिसाव्या चालीस जिंकला. मार्शलची कल्पनाही कांहीं वाया गेली नाहीं. तिच्यांत पुढें सुधारणा होऊन थोर थोर खेळाडू आजही तिला मानतात. कापाब्लांकाचें सामर्थ्य आमच्या मुलांत नाहीं, हें खरें. पण ‘ही धमकी खरी कीं पोकळ ?’ हा प्रश्न विचारावयास सामर्थ्य लागत नाहीं, संवय लागते. आणि संवय लावण्याचें वय शाळेचेंच असतें.

आज तर या संवयीची गरज वाढली आहे. हातांतील मोबाईलवर यंत्र क्षणांत उत्तम चाल सांगतें, आणि तें जगज्जेत्यापेक्षांही बलवान असतें. परंतु तें ‘कां’ हें मुलाच्या भाषेंत सांगत नाहीं. आंकडा दाखवून स्वस्थ बसतें. सामन्यांत तें शेजारीं नसतें, आणि आयुष्यांतील पुष्कळशा परीक्षांतही नसतें. तेथें ज्याला दुसऱ्याचें उत्तर वाचण्याचीच संवय आहे तो गोंधळतो, आणि ज्यानें स्वतः प्रश्न विचारला आहे त्याला निदान विचाराला सुरुवात कोठून करावी हें तरी कळतें.

म्हणून आमच्या दोन सूचना आहेत. शाळेच्या बुद्धिबळ मंडळांत ज्याला जी चाल येते तिचें कारण त्यानें आपल्या शब्दांत सांगितल्यावांचून पुढची चाल त्याला शिकवूं नये; मग वर्षभरांत नऊच चाली झाल्या तरी हरकत नाहीं. आणि पालकांनीं, त्यांना बुद्धिबळ येवो वा न येवो, रात्रीं जेवणानंतर मुलासमोर पट मांडून बसावें, त्याच्या मुख्य बचावांतील एखादी चाल मुद्दाम चुकीची खेळावी आणि विचारावें, “आतां काय करशील, बाळ ?” मुलगा जर म्हणाला कीं ‘तुमची चाल चूक आहे’, तर पुन्हां विचारावें, “असेल. पण ती चूक आहे हें मला दाखव.” या एका प्रश्नानें जें शिक्षण होईल तें पन्नास पानें घोकून होणार नाहीं. ज्या आईला उंट कसा चालतो हेंही ठाऊक नाहीं, तिलाही हा प्रश्न विचारतां येतो. किंबहुना तिनें विचारलेला अधिक चांगला, कारण तिला समजेल असें सांगतांना मुलाला स्वतःलाच समजलें पाहिजे.

शुभवर्तमानांत दोन घरांची गोष्ट आहे. एक खडकावर बांधलेलें, दुसरें वाळूवर. ऊन असतां दोन्हीं सारखींच दिसतात. समजून खेळलेल्या नऊ चाली आणि घोकून खेळलेल्या नऊ चाली यांतही पटावर कांहीं फरक दिसत नाहीं. प्रतिपक्ष पुस्तकाबाहेर पाऊल टाकतो तेव्हांच पाया दिसतो. आमचा तो विद्यार्थी हल्लीं शनिवारीं लहान मुलांना हाच डाव शिकवितो. परवां आम्ही मागें उभे राहून ऐकत होतों. सहाव्या चालीपाशीं तो थांबला, पटावरून हात काढून घेतला आणि समोरच्या मुलाला म्हणाला, “पुढची चाल सांगूं नकोस. आधीं सांग, तें प्यादें आतां बिनजोर आहे का ?” तो मुलगा बराच वेळ पटाकडे पाहत राहिला. कोणीही घाई केली नाहीं.